डेस्मॉइड अर्बुद : लक्षणे आणि रुग्णात दिसणारे स्वरूप

डेस्मॉइड अर्बुद ही स्नायूंच्या आवरणांतील व स्नायुबंधांतील तंतुजनक पेशींच्या अनिर्बंध वाढीमुळे तयार होणारी टणक गाठ होय. आक्रमक फायब्रोमॅटोसिस या नावानेही ती ओळखली जाते. फुप्फुसे, यकृत, हाडे अशा दूरच्या अवयवांत ती पसरत नाही, म्हणून तिची गणना कर्करोगात होत नाही. परंतु आजूबाजूच्या स्नायूंत ती शिरत जाते, मज्जातंतू व रक्तवाहिन्यांना वेढते आणि काढून टाकल्यावर त्याच जागी पुन्हा येऊ शकते, म्हणून तिला निरुपद्रवीही म्हणता येत नाही. प्रामुख्याने १५ ते ६० या वयोगटात, त्यातही तिशी-चाळिशीत, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत ती अधिक आढळते.

हा आजार दुर्मीळ आहे. पाश्चात्त्य देशांतील नोंदींनुसार दर दहा लाख लोकांमागे वर्षाला सुमारे २ ते ५ नवे रुग्ण आढळतात. २०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती. हाच दर येथे लागू धरला, तर संपूर्ण जिल्ह्यात वर्षाकाठी आठ ते वीसच्या दरम्यान रुग्ण निघतील. चंदगड किंवा गगनबावड्याच्या एखाद्या डॉक्टरला सबंध कारकिर्दीत असा एकही रुग्ण भेटला नाही, तर त्यात नवल नाही. निदानाला होणाऱ्या विलंबाचे मोठे कारण या दुर्मीळतेत आहे. दुसरे कारण गाठीच्या शांत स्वभावात.

नेहमीच्या रुग्णात पहिली तक्रार एकच असते : हाताला लागणारी आणि महिनोन्‌महिने हळूहळू वाढणारी गाठ. ती रबरासारखी घट्ट, खोलवर बसलेली आणि कडा नीट न सापडणारी असते. वरची त्वचा बहुधा जशीच्या तशी राहते. लाली, ऊब किंवा पू दिसत नाही. स्नायू सैल असताना गाठ थोडीशी हलते, तो ताणला की जागीच जखडल्यासारखी होते. चरबीची गाठ मऊ असते व बोटांखालून सरकते, हा फरक साध्या तपासणीतही ध्यानात येतो. सुरुवातीला पुष्कळांना वेदना नसते, आणि न दुखणारी गाठ तपासायला कोल्हापुरातील सीपीआर या सरकारी रुग्णालयापर्यंत जाण्याची निकड कोणाला वाटत नाही.

गाठीचे कारण मात्र घरच्या घरी ठरलेले असते. तालमीत कसणारा तरुण खांद्यामागची गाठ कुस्तीतल्या माराची समजतो, उसाच्या मोळ्या वाहणारा मजूर ती लचक मानतो, आणि हाडवैद्याकडे चोळून घेण्यात काही महिने जातात. हा समज अगदीच निराधार नाही, कारण सुमारे एकचतुर्थांश रुग्णांत गाठीच्या जागी पूर्वी इजा किंवा शस्त्रक्रिया झाल्याची माहिती मिळते. तरीही लचक काही आठवड्यांत ओसरते आणि माराची सूज उतरत जाते, तर डेस्मॉइड टिकून राहते किंवा वाढते. चोळल्याने ती विरत नाही. बहुसंख्य तुरळक, म्हणजे आनुवंशिक विकार नसलेल्या, रुग्णांत बीटा-कॅटेनिन या प्रथिनाच्या जनुकात उत्परिवर्तन सापडते, आणि ते त्या गाठीच्या पेशींपुरतेच असल्यामुळे पुढच्या पिढीत जात नाही.

लक्षणांची तीव्रता आकारापेक्षा जागेवर अधिक अवलंबून असते. मांडीच्या किंवा नितंबाच्या जाड स्नायूंत नारळाएवढी झालेली गाठही काही काळ केवळ बसताना जाणवते, तर मानेच्या मुळाशी असलेली लहानशी गाठ हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवर दाब आणून मुंग्या, बधिरपणा आणि पकडीतील दुर्बलता निर्माण करू शकते. पाठीच्या फऱ्याजवळील गाठीमुळे हात डोक्यावर नेता येत नाही. गुडघ्यामागील गाठीमुळे पाय पूर्ण सरळ होत नाही आणि पुढे सांधा आखडतो. काही रुग्णांच्या एकाच हातात किंवा पायात एकाहून अधिक गाठी येतात. रात्रीची वेदना, मोडलेली झोप आणि त्यातून येणारा थकवा या तक्रारी तपासणीच्या कागदांवर क्वचित लिहिल्या जातात. रुग्णाच्या दृष्टीने पुष्कळदा त्याच सर्वांत जाचक असतात.

पोटाच्या भिंतीतील डेस्मॉइड विशेषतः तरुण स्त्रियांत, गरोदरपणी किंवा बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत दिसते. ती बेंबीच्या बाजूच्या सरळ स्नायूत किंवा सिझेरियनच्या व्रणाजवळ वाढते. येथे घोटाळ्याला बराच वाव असतो. टाक्यांच्या जागचा हर्निया खोकल्यावर फुगतो आणि आडवे झाल्यावर बहुधा आत जातो. व्रणातील एंडोमेट्रिओसिसची, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी तेथे रुजून झालेली, गाठ मासिक पाळीच्या सुमारास अधिक दुखते. डेस्मॉइड या दोहोंपैकी काहीच करीत नाही. उताण्या झोपलेल्या रुग्णाला डोके उचलायला सांगितल्यावरही गाठ हाताला लागत राहिली, तर ती पोटाच्या भिंतीत असण्याची शक्यता अधिक. स्नायू ताणल्यावर हरवली, तर ती आत असावी. एका मिनिटाच्या या तपासणीला कोणतेही यंत्र लागत नाही, आणि ती वगळली जाऊ नये.

पोटाच्या आतील डेस्मॉइडचे स्वरूप निराळे व अधिक गंभीर असते. आतड्यांना धरून ठेवणाऱ्या आणि त्यांच्या रक्तवाहिन्या वाहून नेणाऱ्या पडद्यात, म्हणजे मेसेंटरीत, ती वाढते. प्रारंभी पोट जड वाटणे, लवकर पोट भरणे, अधूनमधून कळा येणे एवढेच जाणवते. पुढे आतडे दाबले जाऊन अडथळा येतो, मूत्रवाहिनीवर दाब आल्याने मूत्रपिंड फुगते, आणि क्वचित आतड्याचा रक्तपुरवठा तुटून त्याला छिद्र पडते. सतत उलट्या, फुगलेले पोट, शौच व वायू बंद होणे, थंडीताप किंवा शौचातून रक्त ही लक्षणे दिसल्यास रुग्णाला तातडीने शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे लागते.

अशा रुग्णाला कुटुंबातील आजारांविषयी विचारणे अनिवार्य आहे. डेस्मॉइडच्या सुमारे ५ ते १५ टक्के रुग्णांत एफएपी हा आनुवंशिक विकार असतो. त्यात एपीसी जनुकातील दोषामुळे मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप, म्हणजे अस्तरावरचे मांसल उंचवटे, येतात आणि पुढे आतड्याचा कर्करोग जवळजवळ अटळ ठरतो. त्याच्या जोडीला जबड्याच्या हाडावर उंचवटे आणि त्वचेखाली लहान गाठी आढळू शकतात. या समूहाला गार्डनर लक्षणसमूह म्हणतात. एफएपी असलेल्यांपैकी सुमारे १० ते २० टक्के जणांना डेस्मॉइड होते, बहुधा मोठे आतडे काढल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत. म्हणून पोटातील गाठीचे निदान झाले की कोलोनोस्कोपीचा, म्हणजे मोठे आतडे दुर्बिणीने तपासण्याचा, विचार करावा लागतो, आणि विकार सिद्ध झाल्यास भावंडांची व मुलांचीही तपासणी करावी लागते.

स्तनातील डेस्मॉइड दुर्मीळ असली तरी त्वचेवर खळी पाडून ती हुबेहूब कर्करोगासारखी दिसते. मानेतील गाठीमुळे गिळण्यास किंवा श्वासास त्रास होऊ शकतो.

गाठीची पुढील वाटचाल वर्तवता येत नाही. काही गाठी वाढतात, काही वर्षानुवर्षे तशाच राहतात, आणि काही औषधाविना आक्रसतात. सोराफेनिब या औषधाच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषधाऐवजी निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकीही सुमारे २० टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय लहान झाल्या होत्या. त्यामुळे निदान झाल्याबरोबर कापून काढण्याची जुनी पद्धत मागे पडली असून, जीवघेण्या जागी नसलेल्या गाठीवर प्रथम ठराविक अंतराने एमआरआय करून लक्ष ठेवले जाते. निदान मात्र सुईने तुकडा घेऊन व त्यात बीटा-कॅटेनिनची तपासणी करूनच पक्के होते. ‘साधी गाठ’ म्हणून छोट्या भुलीखाली ती अर्धवट कापणे हा सर्वांत वाईट मार्ग होय. पुढील सल्ल्यासाठी मुंबई-पुण्याला जाणाऱ्या रुग्णाने अहवालासोबत मेणात जतन केलेला तुकडा (ब्लॉक), त्याच्या काचपट्ट्या आणि आधीच्या सर्व एमआरआयच्या सीडी नेल्या, तर गाठ वाढली की थांबली हे तेथे पहिल्याच भेटीत ठरवता येते, आणि वेदना, हालचालीतील अडचण व वाढीचा वेग यांवरून औषध सुरू करायचे की वाट पाहायची याचा निर्णय घेता येतो.