‘स्क्रिप्ट फॉर अ जेस्टर्स टिअर’ कुठून आला?

मार्च १९८३मध्ये मरिलियन या ब्रिटिश रॉक बँडचा ‘स्क्रिप्ट फॉर अ जेस्टर्स टिअर’ हा पहिला अल्बम आला आणि ब्रिटनच्या अल्बम-विक्रीच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत चढला. पंकची, म्हणजे छोट्या, रांगड्या रॉक गाण्यांची लाट येऊन गेल्यावर लांबलचक गाणी, कीबोर्डचे थर, चेहरा रंगवून गाणारा गायक हे सगळं तिथल्या संगीत-साप्ताहिकांनी कधीच मोडीत काढलं होतं. ऐकणारे मात्र होतेच. हा अल्बम त्यांच्यासमोर, क्लबांमध्ये वाजवत वाजवतच घडला.

सुरुवात १९७९ची, लंडनच्या वायव्येला असलेल्या ऐल्सबरी गावातली. लेखक टोल्किनच्या ‘सिल्मरिलियन’ या पुस्तकावरून नाव घेतलेल्या या बँडच्या संस्थापकांपैकी एक होता ड्रमर मिक पॉइंटर. गिटारवादक स्टीव्ह रॉदरी त्याच वर्षी आला. १९८१च्या सुरुवातीला आलेल्या गायक फिशमुळे बँडला स्वतःचा आवाज मिळाला. मूळ नाव डेरेक डिक, गाव स्कॉटलंडमधलं डल्कीथ. त्याआधी तो जंगलखात्याचं कामही करत असे. मग कीबोर्डवर मार्क केली आणि १९८२मध्ये बेसवर पीट ट्रेवावस आले. त्याच वर्षी बीबीसी रेडिओ वनच्या ‘फ्रायडे रॉक शो’साठी त्यांनी वादन केलं आणि पुढे ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने त्यांना करारबद्ध केलं.

ऑक्टोबर १९८२च्या ‘मार्केट स्क्वेअर हीरोज’ या पहिल्या सिंगलच्या बारा इंची आवृत्तीत ‘ग्रेंडेल’ हे सतरा मिनिटांहून लांब गाणं होतं. चाहत्यांचं ते लाडकं, पण त्याचा शेवटचा भाग सत्तरच्या दशकात गाजलेल्या जेनेसिस या ब्रिटिश बँडच्या ‘सपर्स रेडी’ या लांबलचक गाण्याच्या फार जवळ जातो. अल्बममध्ये ते घेतलं नाही, हे माझ्या मते फार बरं झालं. निर्माता डेव्हिड हिचकॉक मोटार अपघातात जखमी झाल्याने निक टॉबरकडे काम आलं आणि लंडनच्या मार्की स्टुडिओत सहा गाणी ध्वनिमुद्रित झाली.

या सहा गाण्यांचा साचा सत्तरच्या दशकातला असला, तरी आशय त्यांच्या स्वतःच्या काळातला आहे. ‘ही नोज यू नो’मध्ये अमली पदार्थांचं व्यसन आहे, ‘गार्डन पार्टी’मध्ये केंब्रिजच्या उच्चभ्रूंची खिल्ली. ‘फरगॉटन सन्स’ उत्तर आयर्लंडमध्ये पाठवलेल्या तरुण सैनिकांबद्दल आहे, आणि त्यातला संताप आजही अंगावर येतो. परीकथा आणि पुराणं मागे टाकून फिशने समोरच्या ब्रिटनकडे पाहिलं. मरिलियनला नुसती जेनेसिसची नक्कल म्हणणाऱ्यांनी ‘फरगॉटन सन्स’ एकदा नीट ऐकावं. मार्क विल्किन्सनने मुखपृष्ठावर चितारलेला विदूषकही असाच, भाड्याच्या खोलीत एकटा बसलेला.

अल्बमनंतरच्या ब्रिटन दौऱ्यापाठोपाठ पॉइंटरला बँडमधून काढलं गेलं. १९८४च्या ‘फुगाझी’वर ड्रमर म्हणून इयन मोस्ली आहे. पॉइंटर बरीच वर्षं संगीतापासून दूर राहिला आणि १९९५मध्ये अरीना या नव्या बँडसह परतला.