टाके निघाले तरी पोटाची भिंत का फाकते?

पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दहा-बारा दिवसांत कातडीवरचे टाके निघतात आणि जखम भरली असे घरचे धरून चालतात; पण पोटाला खरी ताकद देणारा थर कातडीच्या खाली असतो. स्नायूंवरचे हे चिवट, पांढरट आवरण फार सावकाश सांधते. दीड-दोन महिन्यांनीही त्याची ताकद मूळच्या निम्म्याच्या आसपास असते. त्या सांध्यात फट पडली की तिच्यातून आतडे किंवा आतली चरबी कातडीखाली येते. पोटाच्या मधोमध उभा छेद घेतलेल्या दर 100 रुग्णांपैकी साधारण 10 ते 20 जणांना असा हर्निया होतो.

कोल्हापूर परिसरात त्याचे खापर बहुधा रुग्णावरच फुटते. उसाची मोळी उचलली, दुधाचे कॅन डेअरीवर नेले, तालमीत लवकर उतरला, अशी कारणे सांगितली जातात. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आवरणाच्या दोन्ही कडांना धातूच्या बारीक क्लिपा लावून एक्स-रे काढले गेले. ज्यांच्या कडा पहिल्या महिन्यातच 12 मिलिमीटर किंवा अधिक फाकल्या होत्या, त्यांतील बहुतेकांना पुढे हर्निया झाला. म्हणजे फुगवटा वर्षा-दोन वर्षांनी दिसला, तरी फट बऱ्याचदा फार आधी पडलेली असते.

म्हणूनच पोट कसे शिवले जाते, याला मोठे महत्त्व आहे. पूर्वी कडेपासून सुमारे एक सेंटिमीटर आत सुई घालून तितक्याच अंतरावर पुढचा टाका घेत. अशा मोठ्या टाक्यात आवरणाबरोबर स्नायू आणि चरबीही आवळली जाते. दाबाने ती मरते, दोरा सैल पडतो आणि कडा सरकतात. नव्या पद्धतीत फक्त आवरण धरून कडेपासून 5 मिलिमीटरवर, 5 मिलिमीटरच्या अंतराने, सावकाश विरघळणाऱ्या सलग दोऱ्याने टाके घेतात. 20 सेंटिमीटरच्या छेदाला किमान 80 सेंटिमीटर दोरा लागला पाहिजे, असा हिशेब असतो. नेदरलँड्समध्ये 560 रुग्णांवर झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर मोठ्या टाक्यांच्या गटात 21 टक्के, तर बारीक टाक्यांच्या गटात 13 टक्के रुग्णांना हर्निया आढळला. त्यासाठी जास्तीचा वेळ लागला तो सरासरी चार मिनिटे! शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर पोट कोणत्या पद्धतीने शिवणार हे सर्जनना विचारण्यात संकोच मुळीच नसावा.

रुग्णाच्या हाती काहीच नसते असे मात्र नाही. जखमेत पू होणे हे हर्नियाचे मोठे कारण आहे, म्हणून शस्त्रक्रियेला अवधी असेल तर साखर आटोक्यात आणावी, विडी-सिगारेट निदान चार आठवडे आधी बंद करावी, जुना खोकला आणि बद्धकोष्ठ यांवर उपचार घ्यावेत. लठ्ठपणा फार असेल तर शिवतानाच आधाराची जाळी बसवण्याचा विचार काही रुग्णांत केला जातो. तिच्यामुळे हर्नियाचे प्रमाण घटते, पण जखमेत पाणी साचण्याची शक्यता वाढते. पोटाच्या पट्ट्याने दुखणे कमी वाटते, मात्र तो हर्निया टाळतो असा भक्कम पुरावा नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतही 10 मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या छिद्राचे आवरण शिवणे श्रेयस्कर ठरते.

व्रणाजवळ उभे राहिल्यावर किंवा खोकताना फुगवटा दिसला तर सर्जनना दाखवावे. तो आत जाईनासा झाला, दुखू लागला आणि उलट्या सुरू झाल्या, तर रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावे, कारण अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा काही तासांत तुटू शकतो.