सोयाबीन पीठ घेण्याआधी: आईच्या, आजीच्या हाडांबद्दल थोडं

आमच्या काउंटरवर नेहमी येणारा प्रश्न: "आईचे गुडघे दुखतात, हाडांना सोयाबीन चांगलं म्हणे. किती द्यायचं?" पीठ आम्हीच विकतो, तरी उत्तर सरळ देतो. सोयाबीन प्रथिनांसाठी घ्या, हाडांचं औषध म्हणून नको. (गुडघेदुखी बहुतेकदा सांध्याच्या झिजेची असते. ठिसूळ झालेली हाडं सहसा मोडेपर्यंत दुखतच नाहीत, म्हणून तर दुर्लक्ष होतं.)

पाळी थांबली की शरीरातलं इस्ट्रोजेन घटतं आणि पुढची पाच-सात वर्षं हाडं भराभर विरळ होत जातात. सोयाबीनमधल्या आयसोफ्लेव्होन या घटकांची रचना इस्ट्रोजेनशी थोडी मिळतीजुळती, त्यावरूनच ही सगळी आशा सुरू झाली. शांघायमधल्या बायकांच्या मोठ्या पाहणीत (2005) जास्त सोया खाणाऱ्यांची हाडं कमी मोडलेली दिसली. पण तो त्यांच्या रोजच्या जेवणाचा भाग होता, आणि नुसत्या पाहणीवरून कारण ठरत नाही. अमेरिकेत मात्र पाळी नुकतीच थांबलेल्या बायकांना दोन वर्षं रोज 200 मिलीग्रॅम आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या देऊन पाहिल्या. 2011 साली निकाल आला: हाडांची झीज थांबली नाही. तेव्हा अशा महागड्या गोळ्या आमच्याकडे मागू नका, आम्ही ठेवत नाही.

आता कॅल्शियमचा हिशेब. पाळी थांबलेल्या बाईला दिवसाला साधारण 1200 मिलीग्रॅम लागतं. 100 ग्रॅम सोयाबीनमध्ये ते 200 ते 240 असतं, पण 100 ग्रॅम खातंय कोण? किलोभर गव्हात 100 ग्रॅम सोयाबीन घातलं, तर चार चपात्यांत सोयाबीनकडून जेमतेम 20-25 मिलीग्रॅम येतं. त्यापेक्षा आपल्या कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या दूध-कट्ट्यावरचं ग्लासभर म्हशीचं दूध, घरी आणून उकळून घेतलेलं, 240 देऊन जातं. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, म्हणून सकाळची आंबील सोडू नका. तिळात तर हजाराच्या वर. पण कांदा-लसूण मसाल्यातले तीळ रश्श्यात कितीसे उतरणार? वेगळी तिळाची चटणी करा, रोज दोन चमचे.

मग सोयाबीन कशाला? कारण वय झालं की जेवण कमी होतं, "मला पुरे" म्हणत आजी आमटीभातावर उठते आणि दंड-मांड्या वाळतात. स्नायू गेले की तोल जातो, आणि खुबा मोडतो तो पडल्यावर. सोयाबीनमध्ये जवळपास 36 ते 40 टक्के प्रथिनं असतात, डाळींपेक्षा कितीतरी जास्त. धिरड्यात, थालीपिठात, पिठल्यात मूठभर पीठ सहज खपतं. सोबत रंकाळ्यावर फेरी आणि कोवळ्यापेक्षा जरा चढलेलं ऊन. ड जीवनसत्त्व कमी असेल तर डॉक्टर देतील ती मात्रा. न्हाणीत धरायला दांडी बसवा. पासष्टीनंतर हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. त्यात टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांच्या तुलनेत घनता किती, तो आकडा) उणे 2.5 किंवा त्याखाली आला तर औषधं लागतात, तिथं पिठानं भागत नाही.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर सोयाबीन त्या गोळीचं शोषण कमी करतं. गोळी पहाटे उपाशीपोटी, सोयाचा पदार्थ दुपारी. आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. मूत्रपिंडाचा त्रास किंवा स्तनाचा कर्करोग झाला असेल तर आधी विचारा, मग पाकीट न्या.

शेतावरचं कच्चं सोयाबीन तसंच दळून आणू नका. कच्च्या दाण्यातला एक घटक प्रथिनं पचू देत नाही, तो उष्णतेनं मोडतो. आम्ही दाणे उकडतो, वाळवतो, भाजतो, मगच दळतो. हिरवट वासही त्यानंच जातो. दाण्यात पंचमांश तेल असल्यानं पीठ लवकर खवट होतं, पावसाळ्यात तर फारच. म्हणून पाकीट अर्ध्या किलोचंच ठेवलंय. फोडल्यावर घट्ट डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा आणि महिन्याच्या आत संपवा.