क्रियापदाला लिंग आलं कुठून? हरयाणवी आणि इंग्रजीच्या दोन वाटा

हरयाणवीत छोरा 'जावै सै' आणि छोरीही 'जावै सै'. वर्तमानकाळातलं हे क्रियापद लिंग सांगत नाही. ते काम 'वो' आणि 'वा' ही सर्वनामं करतात. उद्याची गोष्ट निघाली, की मात्र छोरा 'जावैगा' आणि छोरी 'जावैगी'. आपल्याकडे नेमकं उलट: जातो-जाते वेगळे, 'जाईल' दोघांनाही एकच. इंग्रजीत 'ही गोज, शी गोज', 'ही वेंट, शी वेंट'. भेद कुठल्याच काळात नाही.

याचं मूळ संस्कृतात सापडतं. 'बालकः गच्छति', 'बालिका गच्छति': खऱ्या क्रियापदाला तिथे लिंग नव्हतंच. लिंग होतं ते धातुसाधित विशेषणांना, म्हणजे क्रियापदापासून बनलेल्या विशेषणांना: गतः, गता, गतम् (गेलेला, गेलेली, गेलेलं). प्राकृत-अपभ्रंशाच्या काळात जुनी भूतकाळी रूपं मागे पडली आणि ही विशेषणंच क्रियापदाच्या जागी आली. म्हणून हरयाणवीत 'गया-गई', मराठीत 'गेला-गेली-गेलं'. सकर्मक क्रियापद तर भूतकाळात कर्माचं लिंग घेतं: 'छोरे नै रोटी खाई', अगदी आपल्या 'मुलाने भाकरी खाल्ली'सारखं. भविष्यकाळातला 'गा-गी' हासुद्धा त्याच 'गत'चा वंशज.

'जावै' मात्र थेट जुन्या वर्तमानकाळातून आलेलं, म्हणून लिंगाविना. आपल्या 'तो रोज देवळात जाई, ती रोज देवळात जाई' यातल्या 'जाई'चं कूळही तेच. प्रमाण हिंदीने 'जाता-जाती' ही विशेषणरूपं धरली, हरयाणवीने जुनं रूप सांभाळलं. ब्रिटिश काळात जॉर्ज ग्रियर्सनने केलेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या 1916च्या खंडात 'बांगरू' या नावाखाली तिची नोंद आहे. हरयाणवीला बिघडलेली हिंदी म्हणणाऱ्यांनी हे एक रूप तरी नीट पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

इंग्रजीचीही सुरुवात अशीच होती. जुन्या इंग्रजीत नामांना तीन लिंगं होती. सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी. क्रियापद पुरुष आणि वचन पाही, लिंग नाही. धातुसाधित विशेषणांना मात्र लिंगाप्रमाणे प्रत्यय लागत. म्हणजे हरयाणवीच्या वाटेने जायला लागणारं साहित्य तिच्याकडेही होतं. पण साधारण अकराव्या ते तेराव्या शतकांत शब्दांची शेवटची अक्षरं झिजत गेली, नामांची लिंगं गेली, विशेषणांचे प्रत्ययही गळले. 'हॅज गॉन'मधलं 'गॉन' त्याला आणि तिला सारखंच उरलं.