डिस्क निम्मी रिकामी, तरी ‘नो स्पेस’

शाहूपुरीतल्या एका पतसंस्थेचा सर्व्हर मी सांभाळायचो. एकाच लिनक्सवर ओरॅकल आणि पोस्टग्रेस हे दोन डेटाबेस. मार्चअखेरीला त्यावरच दुसरा पोस्टग्रेस सुरू करायला गेलो, तर पडद्यावर ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. डिस्क तर निम्मी रिकामी! अडलं होतं सेमाफोरपाशी, म्हणजे चालू प्रोग्रामांनी एकमेकांना थांबवण्या-सोडण्यासाठी वापरायच्या, कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) दिलेल्या खुणांपाशी. तेव्हाचा पोस्टग्रेस दर 16 जोडण्यांमागे सेमाफोरचा एक संच घ्यायचा. दोन्ही पोस्टग्रेसमध्ये 1000-1000 जोडण्या लिहिलेल्या, म्हणजे प्रत्येकी 63 संच, मिळून 126. ओरॅकलने काही आधीच धरलेले. आणि कर्नलची मर्यादा 128 संचांची.

ही मर्यादा आली कुठून? पीडीपी-11 या जुन्या संगणकावर युनिक्स (लिनक्सचा पूर्वज) चालायचं तेव्हा एका प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रामला, 64 किलोबाइटच पत्ते मिळत. त्यामुळे प्रोसेसचे, उघड्या फाइलींचे तक्ते कर्नलमध्ये ठरावीक मापाचे असत. माप बदलायचं तर कर्नल पुन्हा बांधा, मशीन पुन्हा सुरू करा. सामायिक मेमरी (अनेक प्रोसेस मिळून वापरतात ती), सेमाफोर आणि मेसेज क्यू (निरोपांची रांग) बेल लॅब्जच्या कोलंबस इथल्या युनिक्समधून आले आणि 1983 च्या सिस्टिम फाइव्ह या युनिक्सच्या आवृत्तीबरोबर सगळीकडे पसरले. मर्यादाही त्यांच्यासोबत आल्या. सोलारिस या दुसऱ्या युनिक्सवर तर 2005 मध्ये दहावी आवृत्ती येईपर्यंत त्या बदलायला रीबूट लागायचा. लिनक्सवर चालू मशीनमध्येच आकडा बदलता येतो, पण शममॅक्स हा सामायिक मेमरीच्या मर्यादेचा आकडा बरीच वर्षं 32 मेगाबाइटवरच होता.

खरा घोळ डेटाबेसांच्या मॅन्युअलांनी केला. प्रत्येक मॅन्युअल असं बोलतं, जणू मशीनवर दुसरं कुणी नाहीच. सांगितलेला आकडा जसाच्या तसा कर्नलच्या सेटिंगच्या फाइलीत उतरवला की त्याच सेटिंगची शेवटची ओळ आधीच्या ओळीला खाते.

आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावर एक मोटर केवढी असावी हा एक हिशेब आणि सगळ्या मोटरी मिळून किती पाणी उचलणार हा दुसरा. इथंही तसंच. शममॅक्स म्हणजे सामायिक मेमरीच्या एका तुकड्याची कमाल, तिथं सर्वांत मोठी मागणी धरायची. शमऑल (सगळ्या तुकड्यांची मिळून मेमरी) आणि सेमाफोरच्या संचांची संख्या सगळ्या मशीनची, तिथं बेरीजच करावी लागते. शमऑल बाइटांत नसून पानांत, म्हणजे मेमरीच्या ठरावीक मापाच्या ठोकळ्यांत मोजतात, बहुतेक ठिकाणी 4096 बाइटांचं पान. इथं मी भल्याभल्यांना चुकताना पाहिलंय.

पुढे ओझं हलकं झालं. 2013 मध्ये पोस्टग्रेस 9.3 ने या सामायिक मेमरीचा वापर नावापुरता ठेवला. 2014 मध्ये लिनक्स 3.16 ने शममॅक्स जवळपास अमर्याद केला. 2017 च्या पोस्टग्रेस 10 ने लिनक्सवर जुने सेमाफोरही सोडले. पण ह्यूज पेजेसची, म्हणजे मेमरीच्या मोठ्या पानांची बेरीज अजून हातानेच करावी लागते.

त्या रात्री मी संचांच्या मर्यादेत 128 चे 256 केले. रीबूट लागला नाही. त्या ओळीच्या वर टीप लिहिली: पोस्टग्रेस 63 अधिक 63, ओरॅकलचे वेगळे, बाकी पुढे येणाऱ्यासाठी.