बोटीच्या इंजिनाला कार्ब की एफआय? बाईकचा हिशोब इथे चालत नाही

बोटीचा विषय निघाला की इंदूरचा माणूस बाईकवरून बोलायला लागतो. २०२० च्या एप्रिलात बीएस-६ हा प्रदूषणाचा कडक नियम आला, स्प्लेंडरपासून बुलेटपर्यंत जवळपास सगळ्यांचे कार्ब (कार्ब्युरेटर) गेले आणि एफआय (फ्युएल इंजेक्शन) आलं, तेव्हापासून प्रत्येकाचं मत पक्कं झालंय. एक पार्टी म्हणते "भिया, कार्बच बेस्ट, कुठेही खोलून साफ होतो", दुसरी म्हणते "सेल मारला की चालू, कार्बच्या नादी कोण लागतं". इंदिरा सागर धरणावरच्या हनुवंतियाला स्पीडबोट टाकायचं डोक्यात असलेले, नाहीतर मुंबईकडून जुनी बोट उचलायला निघालेले एक-दोघं ओळखीत आहेत, त्यांचंही हेच भांडण. बाईकपुरतं दोघांचंही बरोबर आहे, पण बोटीचं गणित वेगळं.

कारचं इंजिन बहुतेक वेळ आरामात असतं. रेस दिली, सोडली, सिग्नलला उभं राहिलं. बोटीला गिअर म्हणजे पुढे, न्यूट्रल, मागे, बस. आणि पंख्याला (प्रोपेलरला) लागणारी पॉवर ढोबळमानाने आरपीएमच्या घनाने वाढते, म्हणजे आरपीएम दुप्पट केला की पॉवर आठपट लागते. त्यामुळे बोट एकदा पळायला लागली की इंजिनाला उसंतच नाही, खंडव्याकडून येताना भेरूघाट चढतोय आणि घाट संपतच नाहीये असं समजा. अशात ४५०० आरपीएमवर पेट्रोल जरा कमी पडलं तर कारला नुसते झटके बसतील, बोटीत तेच दहा मिनिटं चाललं तर पिस्टनला भोक पडू शकतं. म्हणून बोटीसाठी खरा प्रश्न एवढाच की पेट्रोल कोण नीट मोजून देतं आणि कुठल्या परिस्थितीत त्याचं माप चुकतं.

कार्ब मोजतो हवेच्या ओढीवर. गळा अरुंद, तिथे हवा वेगात जाते, दाब पडतो, आणि बाउलमधलं (कार्बच्या छोट्या वाटीतलं) पेट्रोल जेटमधून वर खेचलं जातं. जेट म्हणजे पितळेचं बारीक भोक, त्याचं माप एकदा बसवलं की तेच. एफआयमध्ये पंप ४० ते ६० पीएसआयने पेट्रोल तयार ठेवतो (कार्बला ५ ते ७ पुरतात) आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) हवेचा दाब, तापमान, आरपीएम बघून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा ते ठरवतो.

आता आपल्याकडची हवा बघा. मे महिन्यात ४० डिग्रीत जेटिंग केलं (जेटचं माप बसवलं) आणि डिसेंबरात सकाळी १० डिग्रीत बोट काढली, तर हवा जवळपास १० टक्के दाट झालेली असते, पण कार्बमधून पेट्रोल साधारण ५ टक्केच वाढतं, म्हणजे मिक्श्चर तेवढं लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी). फुल पॉवरला एक भाग पेट्रोलला वजनाने १२.५ ते १३ भाग हवा लागते, ते तेरा ते साडेतेराच्या आसपास गेलं. त्यात इंजिन इंदूरच्या वर्कशॉपमध्ये सेट केलेलं, इंदूर ५५० मीटरवर आणि इंदिरा सागर पूर्ण भरला तरी पाणी २६२ मीटरवर, हा फरक छोटाय पण त्याच दिशेला, लीनकडेच. आणि वर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. साध्या पेट्रोलवर जेटिंग केलेलं जुनं इंजिन ई-२० वर आणखी ७-८ टक्के लीन चालतं. हे सगळं एकत्र आलं की "कालपर्यंत तर मस्त चालत होती" वाली केस होते. एफआय तापमान आणि उंची आपोआप सांभाळतं, ई-२० मात्र तेव्हाच सांभाळतं जेव्हा एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असेल, नाहीतर त्याचाही मॅप जुन्याच पेट्रोलचा असतो, हे कोणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट लाटांची. कार्बच्या बाउलमध्ये फ्लोट असतो, पेट्रोलची पातळी ठराविक राहिली तरच जेट बरोबर काम करतो. बोट एका लाटेवरून दुसरीवर आपटली की बाउलमधलं पेट्रोल उसळतं, कधी फ्लोट खाली दबून जास्त आत येतं, कधी जेटच उघडा पडतो आणि इंजिन खोकतं. रेसवाले बाउलमध्ये आडव्या पट्ट्या आणि जेटला एक्स्टेन्शन लावतात, त्याने बराच फरक पडतो. एफआयला बाउलच नाही, पण म्हणून सुटका नाही, टाकीत पेट्रोल कमी असताना वळण घेतलं आणि पंपाने हवा ओढली तर प्रेशर एका क्षणात पडतं.

मग पॉवर? इथे लोकांचा अंदाज हमखास चुकतो. फुल थ्रॉटलला चांगला कार्ब एफआयच्या तोडीस तोड असतो, कधी थोडा वरही, कारण पेट्रोलची वरच वाफ होऊन आत जाणारी हवा थंड होते. अमेरिकेत नॅसकारने आपल्या कप सिरीज या कार रेसमध्ये एफआय आणलं ते थेट २०१२ मध्ये, तोपर्यंत ती इंजिनं कार्बवर ९००० आरपीएम फिरत होती. एफआयचा फायदा दिसतो तो आयडलला, मधल्या स्पीडला, पेट्रोलच्या बिलात, आणि चहाला थांबून अर्ध्या तासाने परत स्टार्ट करताना. कार्बचं इंजिन गरम असताना बंद केलं की थंड पाणी फिरायचं थांबतं, झाकणाखाली उष्णता कोंडते, बाउलमधलं पेट्रोल उकळून आत गळतं, आणि मग थ्रॉटल पूर्ण उघडून सेल्फ मारत बसा.

तिसरी एक जात आहे जिच्यामुळे सगळा घोळ होतो: थ्रॉटल बॉडी इंजेक्शन. कार्बच्याच जागी बसतं, चार भोकं, वरून बघितलं तर ओळखू येत नाही. कारसाठी बोल्ट-ऑन किट मिळतात, "स्वतःच ट्यून होतं" म्हणून विकतात, आणि खरंच होतं, पण ते ट्यूनिंग एक्झॉस्टमधल्या वाइडबँड (ऑक्सिजन मोजणाऱ्या) सेन्सरच्या जोरावर. बोटीच्या एक्झॉस्टमध्ये थंड करायला पाणी सोडलेलं असतं. रेसिंगचा कॅम (वॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा) असलेल्या इंजिनात आयडलला एक्झॉस्टचा झोत उलटा येतो, सोबत पाण्याचे थेंब आणतो, आणि लाल तापलेल्या सेन्सरवर थेंब पडला की आतलं सिरॅमिक तडकतं. त्यानंतर ईसीयू खोट्या रीडिंगवर पेट्रोल ठरवतो. माझ्या मते जुन्या बोटीवर कारचं किट चढवणं हा वाईट पर्याय, खर्च एफआयचा आणि भरवसा कार्बपेक्षा कमी.

पण त्याहून वाईट म्हणजे कारचाच कार्ब. "दिसायला सेम आहे, अर्ध्या किमतीत मिळतो" म्हणून लावू नका, प्लीज. कारचा कार्ब ओव्हरफ्लो झाला तर पेट्रोल बाहेर सांडतं, रस्त्यावर उडून जातं. बोटीत ते तळाशी साचतं, वाफ हवेपेक्षा जड असल्याने तिथेच बसते, आणि स्टार्टरची एक ठिणगी पुरते. मरीन कार्बमध्ये बाउलच्या व्हेंटची नळी इंग्रजी जे सारखी वाकवलेली असते, जास्तीचं पेट्रोल गळ्यात परत जातं, इंजिन काळा धूर सोडून बंद पडेल पण आग लागणार नाही. वर फ्लेम अरेस्टर (ज्वाळा बाहेर येऊ न देणारी जाळी), आणि स्टार्टर-अल्टरनेटरही मरीनचेच. ब्लोअर (इंजिनाजवळची वाफ बाहेर काढणारा पंखा) चार मिनिटं चालवल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही, हे कार्ब असो की एफआय, सारखंच.

नवीन इंजिन घेत असाल तर खरं म्हणजे निवडच उरलेली नाही, अमेरिकेत २०१० पासून इनबोर्ड आणि स्टर्नड्राइव्हचे (इंजिन बोटीच्या आत असलेल्यांचे) एमिशन नियम कडक झाले आणि नव्या इंजिनांतून कार्ब जवळपास गेला. छोटे टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लटकणारी इंजिनं) वेगळे, दोरी ओढून चालू होतात, बॅटरी नसली तरी चालतं, नर्मदेवर नाववाल्याला तेच परवडतं. जुनं इंजिन चांगल्या मरीन कार्बवर नीट चालत असेल तर ते हलवू नका, त्या पैशात पाणी वेगळं करणारा फ्युएल फिल्टर लावा, जेट एक साइज मोठे टाका, प्लगचा रंग बघत राहा, आणि महिनाभर बोट उभी राहणार असेल तर बाउल रिकामा करा.

आणि जुनी एफआय बोट बघायला गेलात तर लॅपटॉपवाला माणूस सोबत न्या. बऱ्याच ईसीयूमध्ये कुठल्या आरपीएमला किती तास इंजिन चाललं ते साठवलेलं असतं, मालक "फक्त फॅमिलीला फिरवली" म्हणत असला आणि एकूण तासांपैकी निम्मे ५००० च्या वर निघाले तर भाव तिथेच खाली येतो. कार्बच्या इंजिनात असा हिशोब मिळत नाही, प्लग काढून कम्प्रेशन मोजूनच झीज ओळखावी लागते.