जास्त झालं तरी पंचाईत

१९५४ साली व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ आंद्रेआस रेट यांना आपल्या दवाखान्यात दोन मुली आयांच्या मांडीवर बसलेल्या दिसल्या. दोघीही हात सारखे एकमेकांवर चोळत होत्या, साबण लावून धुवावेत तशा. रेट सिंड्रोम हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. हा आजार सुमारे दहा हजार मुलींत एकीला होतो. वर्षभर छान वाढलेली मुलगी मागे येऊ लागते. आलेले शब्द जातात, खेळणं धरणारे हात ते धरेनासे होतात.

मूळच्या लेबनॉनच्या डॉक्टर हुदा झोग्बी यांनी अशी पहिली मुलगी पाहिली १९८३ साली, ह्यूस्टनमध्ये. मग झोग्बी या आजारामागच्या जनुकाच्या मागे लागल्या. पण घराण्यात बहुधा एकच रुग्ण, मग पिढ्यांचा माग काढायचा कसा? १९९९ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या रूथी अमीर यांना एक्स गुणसूत्रावरच्या एमईसीपी२ जनुकात बिघाड सापडला. तो बहुतेकदा वडिलांच्या शुक्रपेशीत नव्याने झालेला असतो, म्हणून तर घराण्यात दुसरा रुग्ण नसतो.

या जनुकापासून बनणारं प्रथिन मेंदूच्या पेशींत इतर असंख्य जनुकांचं काम किती चालावं ते सांभाळतं. ते कमी पडलं की रेट. मग जास्त झालं तर? २००४ मध्ये झोग्बींच्या गटाने उंदरांत ते दुप्पट केलं, तर उंदरांना झटके येऊ लागले. पुढच्याच वर्षी हे जनुक दुप्पट असलेली आजारी मुलं आढळली.

उपचाराची खरी गोची इथेच आहे. मुलींच्या प्रत्येक पेशीत दोन एक्सपैकी एक बंद असतो, कुठे हा तर कुठे तो. त्यामुळे एकाच मेंदूत धड पेशी आणि बिघडलेल्या पेशी शेजारी शेजारी नांदतात. विषाणूवर लादून नवं जनुक पाठवलं, तर ते दोघींतही शिरणार. बिघडलेलीचं भागेल, पण धड पेशीत ते जास्त होईल!

तरी आशा आहे, कारण या पेशी मेलेल्या नसतात. २००७ मध्ये एडिनबरात एड्रियन बर्ड यांच्या गटाने आजारी, वयात आलेल्या उंदरांत बंद जनुक पुन्हा चालू केलं आणि लक्षणं ओसरली. २०१५ मध्ये झोग्बींनी उलट बाजूने, जादा प्रथिन घटवून, उंदीर सुधारून दाखवले.

अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालेलं ट्रोफिनेटाइड हे रेटवरचं पहिलं औषध. ते लक्षणं थोडी हलकी करतं, जनुकाला हात लावत नाही. आपलं प्रमाण आपणच आवरतं घेणाऱ्या जनुकाच्या चाचण्या मात्र आता माणसांवर सुरू झाल्या आहेत.